युरोपातल्या जुन्या चर्चमध्ये स्वयंसेवक गाइड: खान्देशातून तयारी कशी करायची

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं परदेशी जायचा विचार करतात तेव्हा डोळ्यांसमोर शिक्षण नाहीतर नोकरी असते. उन्हाळ्यात तीन-चार आठवडे एखाद्या ऐतिहासिक चर्चमध्ये राहून पर्यटकांना ते मोफत दाखवायचं, हा तिसरा मार्ग फारसा कुणाला ठाऊक नसतो. फ्रान्समध्ये ‘कासा’ ही संस्था १९६७ पासून तरुण स्वयंसेवकांकरवी अशा टूर चालवते. ‘आर्क’ हा उपक्रम वेगवेगळ्या देशांतल्या तरुणांचे गट करून त्यांना युरोपातल्या मोठ्या चर्चमध्ये पाठवतो. निरनिराळ्या देशांतले चार-सहा जण एका घरात राहतात, स्वयंपाक वाटून घेतात आणि दिवसभर पाळीपाळीने चर्च दाखवतात. वय साधारण १८ ते ३० लागतं. पगार नसतो. राहायची सोय बहुतेक वेळा संस्थेकडून होते, विमानाचं तिकीट मात्र आपलं आपण काढायचं.

सगळे घाबरतात व्हिसाला आणि टूर गृहीत धरतात. प्रत्यक्षात उलटं आहे. फाइल नीट लावली तर व्हिसाचं काम होतं. पन्नास मिनिटं उभं राहून अनोळखी वीस माणसांना दगडमाती दाखवणं, तेही परक्या भाषेत, याला खरी तयारी लागते. म्हणून खाली कागदपत्रांचा भाग आटोपशीर आहे आणि टूरचा लांबलचक.

संस्था निवडताना

संस्थेला पहिल्याच पत्रात पाच गोष्टी विचारा: राहणं कुठे, जेवणाचा खर्च कुणाचा, सुरुवातीचं प्रशिक्षण किती दिवसांचं, टूर कोणत्या भाषेत द्यायची आणि भारतीय पासपोर्टवर कोणता व्हिसा काढायचा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखीच घ्या. ‘टुरिस्ट व्हिसावर या, कोण बघतंय’ असं कुणी म्हणालं तर तिथेच राम राम करा. व्हिसाची हमी देऊन पैसे मागणाऱ्या एजंटालाही तोच न्याय. व्हिसा देणं-न देणं दूतावासाच्या हातात असतं, हमी कुणीच देऊ शकत नाही.

धर्माचा प्रश्न घरातून हमखास येतो. चर्च दाखवायला ख्रिस्ती असावंच लागतं असं नाही, पण या संस्था चर्चशी जोडलेल्या असतात आणि काहींच्या दिनक्रमात एकत्र प्रार्थनाही असते. तिथे आपण नुसतं बसलो तर चालेल का, हे अर्जाच्या वेळीच विचारा. लाजून गप्प राहिलात आणि पोचल्यावर कळलं, तर दोन्हीकडून अवघडलेपण.

अर्जातल्या ‘तुम्हाला का यायचं आहे’ या प्रश्नाला ‘मला संस्कृतीची आवड आहे’ असं उत्तर लिहू नका, ते सगळेच लिहितात. पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाने काढलेल्या मठाच्या देणगीचा १२०७ सालचा शिलालेख आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला चाळीसगावजवळच्या डोंगरात गणिताच्या मठासाठी दगडावर अक्षरं कोरली गेली आणि त्याच सुमाराला फ्रान्समध्ये शार्त्रचं कॅथीड्रल (बिशपचं मुख्य चर्च) आगीनंतर पुन्हा उभं राहत होतं, एवढं दोन ओळींत लिहा. आपण कुठून येतो आणि काय बघू शकतो, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

वेळेचं गणित

युरोपातला हंगाम जुलै-ऑगस्टचा. अर्ज जानेवारी ते मार्चमध्ये आटोपा. गोची अशी, की जुलै-ऑगस्टमध्येच आपल्याकडे कॉलेज सुरू होतं आणि शेतावरही कामाची धांदल असते. विद्यापीठाच्या परीक्षा एप्रिल-मेमध्ये असतील तर व्हिसाची तारीख पेपरांच्या मध्ये येणार नाही असं बघा. कॉलेजचं ना-हरकत पत्र परीक्षेआधीच घेऊन ठेवा. पत्रावर सुट्टीच्या तारखा आणि ‘परतल्यावर अमुक वर्षात शिकत राहील’ हे वाक्य असायलाच हवं. व्हिसा अधिकाऱ्याला तुमच्या परत येण्याचा पुरावा त्या वाक्यात दिसतो.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळण्यालाच वेळ लागतो. जुलैचा प्रवास असेल तर एप्रिलअखेर फाइल तयार हवी.

कागदपत्रं

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज भरा. ३६ पानी साध्या पासपोर्टला १,५०० रुपये लागतात, तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. आपल्याकडच्यांना नाशिकचं पासपोर्ट सेवा केंद्र सोयीचं पडतं. जवळचं पोस्ट ऑफिसमधलं केंद्र मिळतंय का तेही वेबसाइटवरच्या यादीत बघा. नावाचा घोळ इथेच सुरू होतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी मधल्या नावात जातं, कधी गळतं. पासपोर्टवर जसं छापलंय अक्षर न अक्षर तसंच नाव संस्थेच्या निमंत्रणावर, विम्यावर आणि तिकिटावर घ्या. एका ‘एच’ने फाइल अडलेली उदाहरणं कमी नाहीत. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध असावा, त्यात दोन पानं कोरी असावीत आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा.

शेंगेन व्हिसाची फी प्रौढांना ९० युरो आहे. प्रवास-वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांना लागू होणारा हवा. मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त होता कामा नये. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. तीन आठवडे फ्रान्स आणि चार दिवस इटली असेल तर अर्ज फ्रान्सकडे. बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुण्याला जावं लागतं. भुसावळ-जळगावहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी मुंबईत, पण अपॉइंटमेंट दहाच्या आधीची घेऊ नका. गाडी उशिरा आली की सगळं मुसळ केरात.

निमंत्रण पत्रात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: काम बिनपगारी स्वयंसेवेचं आहे, तारखा, राहण्याचा पत्ता आणि खर्च कुणाचा. अर्जात उद्देश लपवू नका. स्वयंसेवेला जाताय तर तसंच लिहा. पर्यटन लिहून आत निमंत्रण पत्र जोडलं, की अधिकाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि नकाराचं कारण आयतं मिळतं.

शेतकरी कुटुंबातल्या मुलांची फाइल बहुतेक वेळा पैशांच्या पुराव्यावर लंगडी पडते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे वडिलांचं रिटर्न नसतं. अशा वेळी सातबारा आणि आठ-अ उतारा, केळी किंवा कापूस विकल्याच्या पट्ट्या आणि त्याच रकमा जमा झालेल्या दिसतील असं गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडा. पट्टीवरचा आकडा आणि खात्यातला आकडा जुळला की प्रश्न उरत नाही. व्यापाऱ्याने रोख दिलेले पैसे घरात ठेवून अर्जाच्या आदल्या आठवड्यात दोन लाख एकदम भरले, तर ते उसने आणलेले वाटतात. मराठी उताऱ्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्या. सोबत ‘खर्च मी करतो’ असं वडिलांचं सहीचं पत्र ठेवा.

इंग्लंडचा नियम वेगळा आहे. तिथल्या साध्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते, पण तो भेटीचा मुख्य उद्देश असता कामा नये. स्वयंसेवेसाठीच जायचं असेल तर चॅरिटी वर्कर व्हिसा लागतो आणि त्यासाठी संस्थेचं प्रायोजक प्रमाणपत्र लागतं. पहिल्या खेपेला म्हणून शेंगेन देश सोपे.

इमारत वाचायला शिका

बहुतेक जुनी चर्च पूर्व-पश्चिम बांधलेली असतात. दार पश्चिमेला, वेदी पूर्वेला. त्यामुळे आत शिरून वेदीकडे तोंड केलं की डावा हात उत्तरेला. एवढं डोक्यात पक्कं झालं की कोणत्या खिडकीवर किती वाजता ऊन येणार हे नकाशाशिवाय सांगता येतं. दुपारनंतर पश्चिमेची मोठी गोल खिडकी पेटते, सकाळी वेदीमागच्या काचा. टूरचा क्रम याच हिशेबाने लावायचा.

जमिनीवरचा आराखडा क्रूसासारखा असतो. मधला लांब भाग म्हणजे नेव्ह, त्याला दोन्ही बाजूंनी आडवा जाणारा ट्रान्सेप्ट, पुढे क्वायर (गायकांची आणि पाद्र्यांची जागा) आणि टोकाला अर्धगोल ऍप्स. भारतीय पाहुण्यांना सभामंडप आणि गाभाऱ्याची उपमा द्यायचा मोह होतो. दिशा समजायला ती ठीक आहे, पुढे ताणू नका. गाभाऱ्यात देव वास करतो आणि तिथे मोजकेच जातात. चर्चमध्ये लोक एकत्र जमून उपासना करतात म्हणून नेव्ह एवढा मोठा.

उंचीचं कोडं सगळ्यांना पडतं: एवढं दगडी छत पडत कसं नाही? उत्तर आपल्या केळीच्या बागेत आहे. घड भरला की झाड कलतं, म्हणून आपण बांबूचा टेकू लावतो. गॉथिक म्हणजे मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या शैलीतल्या चर्चचं छत भिंतींना बाहेर ढकलतं आणि बाहेरून लावलेले कमानदार दगडी टेकू, म्हणजे फ्लाइंग बट्रेस, तो रेटा झेलून जमिनीत उतरवतात. भिंतीवरचा भार हलका झाला, म्हणून भिंतीच्या जागी काच बसवता आली. फरक एवढाच की केळीचा टेकू एका बाजूचा असतो, इथे दोन्ही बाजूंनी सारखा रेटा लागतो. टेकू कमी पडला तर काय होतं याचं उदाहरण फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथीड्रलचं: साधारण ४८ मीटर उंच बांधलेल्या क्वायरचा भाग १२८४ मध्ये कोसळला. ते चर्च आजही अर्धवट आहे. फ्रान्समधल्याच आमिएंच्या कॅथीड्रलचं छत ४२ मीटरच्या थोडं वर थांबलं आणि टिकलं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पाहुणे आपोआप मान वर करतात.

संतांच्या मूर्ती ओळखणं आपल्याला जड नाही. विष्णूची चोवीस रूपं शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या हातात आहे यावरून ओळखायची सवय या मातीत आहे. तिथेही तेच. किल्ल्या हातात असल्या तर पीटर, तलवार असली तर पॉल, चाक असलं तर कॅथरिन, लोखंडी जाळी असली तर लॉरेन्स. चार शुभवर्तमानकारांची (बायबलमधली येशूची चरित्रं लिहिणाऱ्यांची) चिन्हं पाठच करा: माणूस मॅथ्यूचा, सिंह मार्कचा, बैल ल्यूकचा, गरुड जॉनचा. सोबत बायबलमधल्या दहा-पंधरा गोष्टी वाचून ठेवा. आदम-हव्वा, नोहा, अब्राहम-इसहाक, येशूचा जन्म, शेवटचं भोजन, क्रूस आणि पुनरुत्थान एवढ्यावर निम्म्या खिडक्या उलगडतात. खिडकी बहुधा खालून वर वाचायची असते. नवशिका गाइड वरून सुरू करतो आणि मधेच गोष्ट उलटी फिरते.

लोकांच्या डोक्यात पक्क्या बसलेल्या चुका आधी जमा करा. जुनी काच हळूहळू वाहते म्हणून खाली जाड असते, हे खोटं. त्या काळी काच सारख्या जाडीची बनतच नव्हती. जर्मनीतलं कोलोनचं कॅथीड्रल पूर्ण मध्ययुगीन आहे हेही अर्धसत्य. काम १२४८ ला सुरू झालं, मध्ये सुमारे २८० वर्षं थांबलं आणि १८८० ला संपलं. पॅरिसच्या नोत्र-दामचं १५ एप्रिल २०१९ च्या आगीत कोसळलेलं शिखर बाराव्या शतकातलं नव्हतं, एकोणिसाव्या शतकात नव्याने बसवलेलं होतं. छताचं मध्ययुगीन ओक लाकूड मात्र खरोखर जळालं. चर्च डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं.

टूर बांधणी

४५ ते ५० मिनिटांत सात थांबे पुरे. प्रत्येक थांब्याला चार मिनिटं धरली तर बोलणं २८ मिनिटांचं, चालण्यात दहा जातात, उरलेला वेळ प्रश्नांचा. आठवा थांबा घातला की पाहुणे घड्याळ बघायला लागतात. प्रत्येक थांब्याचं एक पोस्टकार्डाएवढं कार्ड करा. त्यावर तीनच ओळी: काय बघायचं, त्यात विचित्र काय आहे, पुढे जाताना कोणता प्रश्न टाकायचा. पूर्ण भाषण पाठ करू नका. मध्येच कुणी प्रश्न विचारला की पाठांतर तुटतं आणि मग सूर सापडत नाही.

प्रत्येक थांब्याला आधी बोट दाखवा, दहा सेकंद गप्प राहा, मग बोला. सन-सनावळीने सुरुवात केली की माणसं मोबाइलकडे वळतात. ‘या माणसाच्या हातात स्वतःचंच कातडं का आहे?’ असं विचारलं की सगळे त्या मूर्तीकडे बघतात, मग कातडं सोलून मारल्या गेलेल्या संत बार्थोलोम्यूची गोष्ट सांगता येते.

आवाजाचा सराव मात्र घरी होणार नाही. दगडी कॅथीड्रलमध्ये शब्द कित्येक सेकंद घुमतो, मागचं वाक्य पुढच्यावर आदळतं. त्यासाठी लग्नसराई संपल्यावर गावातलं रिकामं मंगल कार्यालय तासाभरासाठी मागून घ्या. खुर्च्या उचललेल्या असल्या की ते अगदी चर्चसारखं घुमतं. मित्राला दहा मीटरवर उभं करा. वाक्य आठ-दहा शब्दांचं ठेवा, संपल्यावर थांबा, वाक्याचा शेवटचा शब्द गिळू नका. आपण साधारणपणे मिनिटाला १४० शब्दांच्या आसपास बोलतो, तिथे शंभराच्या आसपास या. ओरडून उपयोग नाही, घुमणं वाढतं. भिंतीकडे किंवा खांबाकडे पाठ करून उभं राहिलं तर आवाज पुढे जातो.

मग खऱ्या इमारतीत चार सराव-टूर करा. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवचं मंदिर, साक्री तालुक्यातली बळसाण्याची मंदिरं, एरंडोलजवळ फरकांड्याचे झुलते मनोरे, यांतलं एक निवडा आणि कॉलेजमधल्या दहा जणांना इंग्रजीतून दाखवा. मुंबईला ठसे द्यायला जाल त्याच दिवशी फोर्टमधलं १७१८ चं सेंट थॉमस कॅथीड्रल आणि कुलाब्याचं अफगाण चर्च बघून या. दुसऱ्यात रंगीत काचा आहेत. रविवारी आपल्या भागातल्या एखाद्या चर्चची उपासना मागच्या बाकावर बसून पूर्ण पाहा. कधी उभं राहतात, कधी गुडघे टेकतात हे तिथे कळतं. भाषेचं म्हणाल तर इंग्रजी पुरते, हिंदी-मराठीतून टूर दिलीत तर भारतीय पाहुणे खूश होतात. अहिराणीत मागणारा भेटला तर त्याला जेवायलाच बोलवा.

चर्चमध्ये ड्युटीवर असताना

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पुरुषांनी टोपी काढायची. मिस्सा (कॅथलिक उपासना) सुरू झाली की टूर थांबवायची किंवा मागच्या बाजूला न्यायची. एका कोपऱ्यात छोटा दिवा सतत जळताना दिसेल. तिथे पवित्र भाकर ठेवलेली असते, त्या जागी गर्दी उभी करून बोलू नका. कम्युनियनची, म्हणजे ती पवित्र भाकर घेण्याची, रांग लागली तर ख्रिस्ती नसलेल्याने बसून राहावं, त्यात अपमान कुणाचाच नाही. प्रसादासारखा हात पुढे करणं मात्र मोठी चूक.

पापांच्या कबुलीची पेटी, दफनाचे दगड, प्रार्थनेला बसलेली माणसं यांचे फोटो काढू देऊ नका. ‘तुमचा देव खरा की आमचा’ असा प्रश्न कुणीतरी करतोच. ‘मी इथे इमारत आणि तिच्यामागची श्रद्धा दाखवतो’ एवढं म्हणून पुढच्या खांबाकडे चला.

टिप घेऊ नका. पाहुण्याने नोट पुढे केली तर देणगीपेटी दाखवा. पैसे खिशात गेले की स्वयंसेवा उरत नाही, व्हिसाच्या अटीही मोडतात. इटलीत गाइडगिरी हा परवान्याचा व्यवसाय आहे आणि फ्रान्समध्येही पैसे घेऊन स्मारकं दाखवणाऱ्यांसाठी व्यावसायिक ओळखपत्राची व्यवस्था आहे. संस्थेचा बिल्ला काढून बाहेर चौकात ‘टूर देतो’ म्हणालात तर स्थानिक गाइड तक्रार करणार, आणि त्यांचं बरोबरच असेल.

बॅग

जुलैतही दगडी चर्च आतून गार असतं, स्वेटर आणि जाड तळाचे बूट न्या. दिवसभर फरशीवर उभं राहून पोटऱ्या भरून येतात. उन्हाळ्यात फ्रान्स-इटलीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, घरी फोनची वेळ आधीच ठरवा.

स्वयंपाकाची पाळी तुमचीही येणार. काळा मसाला, तिखट, हळद आणि कळण्याचं पीठ घट्ट बंद पाकिटात चालतं. तूप, पेढे, खवा मात्र बॅगेत घालू नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, कस्टममध्ये डबाच जातो. ताज्या फळांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्याला पाच फळांची सूट आहे: अननस, नारळ, डुरियन, खजूर आणि केळी. जळगावच्या माणसाला एवढा मान कुठल्या नियमाने दिला नसेल. पण पिकलेला घड बॅगेत नेऊ नका, उतरेपर्यंत सगळ्या कपड्यांना शिकरण लागलेलं असेल.